कॉर्टेक्सकडून कानाकडे: एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी, अमळनेर

३ डिसेंबर

विषय पक्का केला: ऑडिटरी कॉर्टेक्सकडून (मेंदूच्या पृष्ठभागावरचा, आवाज समजून घेणारा भाग) खाली, थेट कानाच्या आतपर्यंत उतरणारे चेतामार्ग. दरवर्षी हृदय, मूत्रपिंड आणि ज्वालामुखी होतात. ज्वालामुखीला आता पाचवीची पोरंही दाद देत नाहीत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन आहे, म्हणजे हातात जेमतेम तीन महिने, त्यात मधे परीक्षा.

गट तिघांचा. एक पारोळ्याचा, इलेक्ट्रॉनिक्सचा, सोल्डरिंगला हात बसलेला. दुसरी बेटावदची, प्राणिशास्त्राची. तिचे वडील जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रावर, काम करतात, त्यामुळे कानाच्या विषयात तिला घरचं कारण आहे. तिसरा मी, त्यांचा शिक्षक. नोंदी मीच ठेवणार. गेल्या वर्षी पोरांनी ठेवलेल्या नोंदी शेवटच्या रात्री एका बैठकीत लिहिलेल्या होत्या, हे शाईवरूनच कळत होतं.

५ डिसेंबर

फळ्यावर आधी वर जाणारी वाट काढली. कॉक्लियातल्या (आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीतल्या) आवाजाची कंपनं टिपणाऱ्या केसपेशी, श्रवणचेता, मग मेंदूत खालून वर एकेक ठाणं: कॉक्लियर न्यूक्लियस, सुपिरियर ऑलिव्हरी कॉम्प्लेक्स, इन्फिरियर कॉलिक्युलस, थॅलॅमसमधलं मेडियल जेनिक्युलेट बॉडी आणि शेवटी कॉर्टेक्स. हे सगळ्या पुस्तकांत असतं, लगेच संपलं.

मग खडू उलटा फिरवला. कॉर्टेक्सचे सहा थर. सहाव्या थरातल्या पेशी थॅलॅमसकडे तंतू पाठवतात. पाचव्या थरातल्या पेशींचे तंतू लांबचा पल्ला गाठतात: थॅलॅमस, त्याखाली इन्फिरियर कॉलिक्युलस, आणि त्यातले काही ऑलिव्हरी कॉम्प्लेक्स आणि कॉक्लियर न्यूक्लियसपर्यंत. कॉलिक्युलसमध्ये ते मुख्यतः गाभ्याभोवतीच्या कवचात उतरतात, गाभ्यात कमी. ऑलिव्हच्या भागातून शेवटचा टप्पा निघतो. हा ऑलिव्होकॉक्लियर तंतूंचा जुडगा कानात शिरतो. ग्रँट रासमुसेन यांनी त्याचं वर्णन १९४६ साली केलं. म्हणजे कॉर्टेक्समध्ये निघालेल्या निरोपाला कानाच्या केसपेशीपर्यंत पोचायला रस्ता आहे, फक्त वाटेत गाड्या बदलाव्या लागतात.

पारोळ्याच्या पोराचा प्रश्न: "सर, खाली येणाऱ्या वायरी वर जाणाऱ्यांपेक्षा कमीच असतील ना?"

उलट आहे. थॅलॅमस आणि कॉर्टेक्स यांच्या दरम्यान खाली येणारे तंतू वर जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. पुस्तकांत दहापट हा आकडा वारंवार येतो. तो जरा वेळ फळ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मग नारिंगी पट्ट्या जास्त मागवाव्या लागतील."

१२ डिसेंबर

पॅनेल सुरू. प्लायवूडचा बोर्ड जुनाच, त्यावरचा मूत्रपिंडाचा लाल रंग खरवडून काढला. वर जाणारा मार्ग हिरव्या एलईडीचा, एकच पट्टी. खाली येणारा नारिंगी. कॉर्टेक्स ते थॅलॅमस नारिंगीचा झुपका, खाली कमी कमी होत कानाजवळ दोनच.

त्या दोनांवर बराच वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. पहिली पट्टी मेडियल ऑलिव्होकॉक्लियर तंतूंची. हे बाहेरच्या केसपेशींवर येऊन थांबतात. दुसरी लॅटरल तंतूंची. हे आतल्या केसपेशींच्या खाली, श्रवणचेतेच्या टोकांवर. माणसाच्या एका कानात बाहेरच्या केसपेशी साधारण १२,००० आणि आतल्या ३,५००. पण वर जाणारे सुमारे ९५ टक्के तंतू आतल्या पेशींपासून निघतात. संख्येनं तिपटीहून जास्त असलेल्या बाहेरच्या पेशी मेंदूला जवळजवळ काही कळवतच नाहीत. मग त्या करतात काय? आवाज वाढवतात. त्या आखडतात आणि लांब होतात, सेकंदाला हजारो वेळा, आणि त्या धक्क्यानं मंद आवाज चाळीस-पन्नास डेसिबलनं उचलला जातो. पेशी अशी हलते हे ब्राउनेल यांनी १९८५ मध्ये दाखवलं. हलवणारं प्रथिन, प्रेस्टिन, २००० साली सापडलं. वरून येणारा हुकूम याच पेशींवर येतो.

वायरिंगचा हिशेब: एका एलईडीला पूर्ण पांढऱ्या उजेडात ६० मिलिअँपिअर, मीटरला ६० एलईडी, म्हणजे मीटरला ३.६ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरवर हे चालणार नाही. भंगारातल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय काढला, ५ व्होल्टच्या लाल वायरी एकत्र करून टोकं कथिलात बुडवली.

१६ डिसेंबर

जिनिंगमध्ये रेकॉर्डिंगला गेलो. हंगाम भरात. बाहेर कपाशीच्या गाड्यांची रांग, आत डबल रोलर रेचे ओळीनं धडधडताहेत, हवेत रुईचे तंतू, खाली सरकीचा ढीग लागलेला. कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं पोचत नाही. कामगार खुणांनी बोलतात: मूठ वळली की गठाण, बोट फिरवलं की रोलर बघ.

बेटावदचीचे वडील भेटले. मी आवाजाबद्दल विचारलं तर म्हणाले, "सर, ऐकू येस, पन समजस नही." यंत्राजवळचं म्हणत नव्हते ते. घरी, लग्नात, पारावर चार माणसं बसली की बोलण्याचा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. शांत खोलीत एकट्याशी बोललं तर अडचण नाही.

मुलीला वाटतंय की हे "खाली येणाऱ्या मार्गाचं" काम बिघडल्याचं लक्षण. मला एवढी घाई नको वाटते. तपासणी केल्याशिवाय पॅनेलवर यातलं काही लिहायचं नाही.

२१ डिसेंबर

सकाळच्या गाडीनं जळगाव. ओळखीच्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतपासणी करणाऱ्या) बाईंनी दुपारचा वेळ दिला होता.

पारोळ्याच्या पोराच्या कानात छोटासा प्रोब बसवला. प्रोबमधून बारीक टकटक जाते, आणि काही मिलिसेकंदांनी कान स्वतःच आवाज परत पाठवतो. तोच प्रोबमधला मायक्रोफोन टिपतो. हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये लंडनला दाखवलं. आज नवजात बाळांची तपासणी याच पद्धतीनं होते. परत येणारा आवाज बाहेरच्या केसपेशींच्या हालचालीतून येतो, त्यामुळे या पेशी जिवंत आहेत का, कामात आहेत का, ते कातडीला सुई न लावता कळतं. पडद्यावर दोन रेघा एकमेकींवर चढून धावताना पोरानं पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा त्यानं हातच वर केला, मी बोललो तर बिघडेल का म्हणून.

मग बाईंनी त्याच्या दुसऱ्या कानात मंद घोंघाट सुरू केला. पहिल्या कानाचा परतीचा आवाज किंचित खाली आला. घोंघाट बंद, पुन्हा वर. फरक छोटा, एक-दोन डेसिबलचा, पण पुन्हा पुन्हा करून तसाच. एका कानात शिरलेल्या आवाजानं ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या तळच्या देठातून, फिरून दुसऱ्या कानाचा ॲम्प्लिफायर खाली केला. घोंघाट मुद्दाम मंद ठेवायचा, नाहीतर मधल्या कानाचा स्नायूच आखडतो आणि आपण भलतंच मोजतो, हे बाईंनी दोनदा बजावलं.

परतीच्या गाडीत वाद. बेटावदचीचं म्हणणं, आपल्याला पुरावा मिळाला. मी म्हटलं, मिळाला, पण कशाचा? ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिला कॉर्टेक्सची गरज नाही. आपला बोर्ड तर कॉर्टेक्सपासून सुरू होतो. कॉर्टेक्स या ॲम्प्लिफायरला हात घालू शकतो हे माणसात दाखवणारं काम वेगळं आहे: फ्रान्समध्ये अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी इलेक्ट्रोड बसवलेले होते; ऑडिटरी कॉर्टेक्सला सौम्य विद्युत चालना दिली तेव्हा विरुद्ध बाजूच्या कानाचा हाच परतीचा आवाज कमी झाला. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. पॅनेलवर हे दोन्ही लिहायचं, पण वेगवेगळ्या जागी. धरणगाव येईपर्यंत तिला पटलं.

२९ डिसेंबर

सुट्टी. बेटावदचीच्या मामांच्या शेतात, साक्री तालुक्यात, भरिताची पंगत. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी.

मामांची जमीन फडात आहे, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी शेतकरी मिळून वाटून घेतात त्या जुन्या पद्धतीत. पांझरेवरच्या बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटकरी पाणी सोडतो, बारेकरी ते वाफ्यावाफ्यांत फिरवतो. भाचीनं प्रकल्प सांगितला तेव्हा मामा म्हणाले, पाणी वरून खाली येतं, पण किती सोडायचं ते खालच्या फडातून वर गेलेल्या सांगाव्यावर ठरतं. ओल किती, पीक कोणतं, हे पाटकऱ्याला बंधाऱ्यावर उभं राहून कसं कळणार? आमच्या विषयात वर-खाली उलटं आहे, तरी इतकं नेमकं उदाहरण मला सुचलं नव्हतं. पॅनेलवर तेच टाकायचं. शहरी पाहुण्यांना फड समजावावा लागेल, तो समजावू.

८ जानेवारी

दुसरी वस्तू: "टाळीची पेटी". हिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे.

प्रश्न असा की गोंगाटात आवाज वाढवणारी यंत्रणा मंद केली तर ऐकणं सुधारतं, हे पाहुण्याला पटवायचं कसं? सगळ्यांचा अनुभव उलटा, ऐकू आलं नाही की आवाज वाढवायचा.

मायक्रोफोन, ॲम्प्लिफायर, दहा एलईडींची उभी रांग, आणि एक नॉब. पेटीसमोर टेबलफॅन. नॉब वर असताना फॅनच्या घरघरीनं आठ दिवे कायम लागलेले. टाळी वाजवली. टाळी घरघरीच्या तिप्पट मोठी धरली तर चोवीस दिवे लागायला हवेत, पण रांगच दहाची. म्हणजे आठवरून दहा, दोन दिव्यांचा फरक. लांबून तो दिसतही नाही. आता नॉब खाली घ्या, घरघर तीन दिव्यांवर येईल. टाळी नऊवर जाते. फरक सहा दिव्यांचा, खोलीच्या दारातून दिसतो. फॅन तोच, टाळी तीच.

श्रवणचेतेतले तंतू असेच ठरावीक मर्यादेपर्यंतच जोर करू शकतात. सततच्या घोंघाटानं ते त्या मर्यादेजवळ अडकतात, शिवाय थकतात. मेडियल तंतूंनी बाहेरच्या केसपेशी शांत केल्या की घोंघाटाला मिळणारा प्रतिसाद उतरतो आणि अचानक आलेल्या आवाजाला, म्हणजे शब्दाला, वर जायला जागा मिळते. पेशीच्या पातळीवर: तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटतं, ते अल्फा-९ आणि अल्फा-१० या घटकांच्या रिसेप्टरवर बसतं, कॅल्शियम आत येतं, त्यानं पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशीची हालचाल मंदावते. ॲसिटिलकोलिनमुळे स्नायू आखडतो हे बारावीपर्यंत शिकलेल्या पोरांना त्यानंच इथे पेशी शांत होते हे विचित्र वाटलं. वाटायलाच हवं.

पारोळ्याच्या पोराला नॉब आपोआप फिरणारा हवा होता. मी नको म्हटलं. पाहुण्याच्या हातात नॉब हवा, तरच तो थांबेल.

११ जानेवारी

स्नेहसंमेलनाची तयारी. मैदानावर डीजे. शिक्षणसंस्थेभोवतीचा निदान १०० मीटर परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, हा नियम २००० सालचा आणि तो आमच्याच फाटकावर रंगवलेला आहे. काम बंद.

१५ जानेवारी

वटवाघळांचं पॅनेल. हे आलंच पाहिजे, कारण उतरत्या मार्गांबद्दल जे ठोस कळलं त्यातलं पुष्कळसं नोबुओ सुगा यांच्या वटवाघळांवरच्या कामातून आलं आहे.

मिशीवालं वटवाघूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. ते ज्या ध्वनीवर जगतं तो ६१ किलोहर्ट्‌झच्या आसपासचा. माणसाला वीसच्या वर ऐकू येत नाही. सुगा आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कॉर्टेक्समधल्या एका ठरावीक वारंवारतेच्या पेशींना विद्युत चालना दिली आणि खाली कॉलिक्युलसमध्ये काय होतं ते पाहिलं. तिथल्या त्याच वारंवारतेच्या पेशींचा प्रतिसाद वाढला आणि अधिक धारदार झाला. शेजारच्या, थोड्या वेगळ्या वारंवारतेच्या पेशींचा प्रतिसाद दबला, आणि त्यांची पसंतीची वारंवारताच सरकली. कॉर्टेक्सचं काम बंद पाडलं तेव्हा परिणाम उलट दिशेनं. कॉर्टेक्स आपल्याला जे महत्त्वाचं तेच वर यावं म्हणून खालच्या पेशींची जुळणी बदलतो.

पोरांनी पॅनेलसाठी गावाबाहेरच्या वडावर लटकलेल्या वटवाघळांचा सुंदर फोटो काढून आणला. लावला नाही. ती मोठी फळखाऊ वटवाघळं. डोळ्यांनी आणि वासानं वाट काढतात, प्रतिध्वनीवर नाही. यावरून पोरं नाराज. फोटो माझ्या टेबलामागे लावला आहे.

१७ जानेवारी

मांजराचा प्रयोग घ्यायचा का यावर चर्चा. १९५६ मध्ये हर्नांडेझ-पेऑन यांनी जागं मांजर घेतलं, त्याला टकटक ऐकवत ठेवली, मग काचेच्या बरणीत उंदीर समोर आणला. उंदराकडे लक्ष जाताच कॉक्लियर न्यूक्लियसमधला टकटकीचा प्रतिसाद घटला. चित्र काढायला इतकं छान की कोणालाही मोह पडेल. पण पुढे आक्षेप आले: मांजरानं मान वळवली तरी कानाशी पोचणारा आवाज बदलतो, मधल्या कानाचे स्नायूही आखडतात. मग लक्षाचा भाग किती? पॅनेलवर नाही. बेटावदचीनं मांजराचं चित्र आधीच रंगवलेलं होतं, ते तिनं वसतिगृहाच्या दारावर चिकटवलं म्हणे.

२० ते २९ जानेवारी

फेरेटचा प्रयोग, आणि त्यावरून आमचा.

ऑक्सफर्डमध्ये बाहो, किंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेलं काम. फेरेट हा मुंगसाच्या बांध्याचा लहान प्राणी. आवाज कुठून आला ते ओळखायला त्यांना शिकवलं. काहींच्या मेंदूत पाचव्या थरातल्या नेमक्या त्याच पेशी मारल्या ज्यांचे तंतू कॉलिक्युलसकडे उतरतात. कॉलिक्युलसमधून उलट प्रवास करून पेशीत पोचणारा रंग भरला आणि लेसर टाकला. दोन्ही कान मोकळे असताना हे फेरेट दिशा ओळखण्यात फारसे मागे पडले नाहीत. मग एका कानात बोळा घातला. साधे फेरेट सुरुवातीला चुकले आणि काही दिवसांच्या सरावानं पुन्हा जमवू लागले. उतरता मार्ग गमावलेले फेरेट शिकूच शकले नाहीत.

मला या सगळ्या विषयात हे सर्वांत मोलाचं वाटतं. रोजचं चालू काम या मार्गाशिवायही बऱ्यापैकी निभतं. कानाकडून येणारा माल बदलला, जुनी गणितं चुकायला लागली, की हा मार्ग लागतो.

आमचं: जुन्या प्रयोगशाळेत खुर्च्यांचं रिंगण, मधे डोळे बांधलेला पारोळ्याचा पोरगा, उजव्या कानात फोमचा प्लग. कान आधी डॉक्टरांकडून तपासून घेतला. प्लग फक्त वर्गात आणि सरावात. रस्त्यावर, गाडीवर अजिबात नाही. खुर्चीवरून कोणीतरी चुटकी वाजवायची, त्यानं बोट दाखवायचं.

पहिल्या दिवशी त्याचं प्रत्येक बोट डावीकडे. समोरून चुटकी वाजली तरी डावीकडे. उजवीकडून मी स्वतः वाजवली, त्यानं ठामपणे खिडकीकडे बोट केलं आणि सगळे हसले. दोन कानांना पोचणाऱ्या आवाजातल्या फरकावर दिशा ठरते. एक कान मंद झाला की सगळं मोकळ्या कानाकडे सरकतं. प्रत्येक चुटकीनंतर बरोबर उत्तर सांगत गेलो. आठवडा उलटता उलटता बोट मधे यायला लागलं, मग उजवीकडेही जायला लागलं. पूर्ण नाही सुधारलं. उजवीकडच्या मागच्या खुर्चीशी त्याचं शेवटपर्यंत वाकडं राहिलं. त्याला विचारलं काय बदललं, तर सांगता येईना. "आता तिकडून वाटतं," एवढंच.

पॅनेलवरचं वाक्य: माणूस प्लगशी जुळवून घेतो हे आम्ही पाहिलं, ते कोणत्या तंतूंमुळे, हे फेरेटवरच्या कामातून कळतं. दोन वाक्यांमध्ये पूर्णविराम हवा, अर्धविराम नको, असा मी आग्रह धरला.

६ फेब्रुवारी

वाक्यांची चाचणी. जिनिंगच्या धडधडीत मिसळलेली छोटी वाक्यं, अर्धी मराठीत, अर्धी अहिराणीत: "आज बजार शे", "तुनं नाव काय शे", "भाकर खाई ले". हेडफोन लावायचा, ऐकलेलं म्हणायचं. मग विषय सांगायचा, "हे जेवणाबद्दल आहे", आणि तेच पुन्हा ऐकवायचं.

विषय कळल्यावर वाक्य असं स्वच्छ उमटतं की पोरं म्हणतात, तुम्ही आवाज बदलला. घरी अहिराणी बोलणाऱ्यांना अहिराणी वाक्यं जास्त धडधडीतूनही लागतात. नोकरीनिमित्त बाहेरून आलेल्या आमच्या एका सहकाऱ्यांना "भाकर" सोडून काहीही लागलं नाही, आणि तेही भूक लागली होती म्हणून, असं तेच म्हणाले.

ही वस्तू सर्वांत लोकप्रिय होणार हे दिसतंय, आणि तिच्यावरच सर्वांत कमी दावा करायचा आहे. अंदाज बांधून तुटके शब्द जोडणं हे मुख्यतः कॉर्टेक्समध्येच होऊ शकतं. केसपेशीपर्यंत निरोप गेला असेल तरी हेडफोनवरून ते कळत नाही. फलक: "हे मेंदूचं काम आहे. कानापर्यंत किती उतरलं, हे या चाचणीतून ठरत नाही." पारोळ्याच्या पोराचं मत, इतकं खरं लिहिलं तर बक्षीस जाईल. जाऊ दे.

१२ फेब्रुवारी

बेटावदचीचे वडील अखेर जळगावला आले. ऑडिओग्राम (कोणत्या वारंवारतेचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख): खालच्या वारंवारता ठीक, ४,००० हर्ट्‌झपाशी खोल खड्डा, पुढे थोडी चढण. बाईंनी कागद बघताच विचारलं, "यंत्रावर काम करता?" गोंगाटानं जाणाऱ्या कानाची ही खूण. कानाचा परतीचा आवाजही त्याच पट्ट्यात जवळजवळ नाही. स, श यांसारखी व्यंजनं वरच्या वारंवारतेत असतात, म्हणून आवाज येतो आणि शब्द लागत नाही.

मुलीच्या शंकेचं उत्तर यातच आहे. उतरता मार्ग बिघडलाय असं म्हणायला काही आधार नाही. पण त्या पट्ट्यात ज्या बाहेरच्या केसपेशींनी हुकूम पाळायचा त्याच मेल्या आहेत, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. वरून निरोप आला तरी घेणारं कोणी नाही. गोंगाटातून शब्द वेगळा काढण्याची जी सोय कानात होती, ती गोंगाटानंच मोडली. उलट बाजूनंही पुरावा आहे: मेसन आणि लिबरमन यांनी २००० मध्ये गिनी पिगमध्ये दाखवलं की ज्यांची ही प्रतिक्षिप्त क्रिया मुळात जोरदार, त्यांच्या कानाला मोठ्या आवाजानं कमी इजा होते. म्हणजे हा मार्ग थोडंफार संरक्षणही करतो. रोजच्या पाळीभर धडधडीपुढे तो पुरेल अशी आशा मात्र कोणी ठेवू नये.

वडिलांच्या परवानगीनं ऑडिओग्राम नाव झाकून पॅनेलवर लावला.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन. गर्दी चांगली. वीज दोनदा गेली. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय परत सुरू होताना सगळ्या नारिंगी पट्ट्या एकदम पांढऱ्या भडकायच्या, लहान मुलांना तेच जास्त आवडलं. टाळीच्या पेटीसमोर रांग. एक शेतकरी आजोबा नॉब वर-खाली करत बराच वेळ उभे होते, शेवटी आपल्या श्रवणयंत्राकडे बोट दाखवून म्हणाले, यात हा नॉब कुठे आहे? त्यांना खरं ते सांगितलं: नव्या यंत्रांत गोंगाट कमी करायची सोय असते, पण तुम्हाला आत्ता कोणाचं ऐकायचंय हे त्या यंत्राला ठाऊक नसतं.

बक्षीस ज्वालामुखीला. यंदा त्यातून खरा धूर येत होता.

६ मार्च

कामगारांना कानाचे प्लग द्यायचे ठरवून जिनिंगमध्ये गेलो. पॅनेलवरचा ऑडिओग्राम सगळ्यांनी पाहिलाच होता, त्यामुळे समजावावं लागलं नाही. अडलं भलत्याच ठिकाणी. बेटावदचीच्या वडिलांनी प्लग हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "कानमा हाई घालं तं रेचा काय बोली ऱ्हायना ते कसं समजी?"

मुद्दा रास्त आहे. रोलरला कपाशी गुंडाळली, पट्टा घसरला, बेअरिंग कोरडं पडलं, हे ते कानानं ओळखतात, आणि वेळेत ओळखलं नाही तर हात जाण्याची भीती. पारोळ्याच्या पोरानं खुर्च्यांच्या रिंगणाचं सांगितलं: पहिल्या दिवशी मला भिंत आणि खिडकी कळत नव्हती, मग जमत गेलं. मी त्यात भर घातली की ते आवाजाच्या दिशेबद्दल होतं, यंत्राच्या बिघाडाबद्दल नव्हतं. दोन्हींत सराव लागतो एवढंच मी सांगू शकतो.

ठरलं ते असं: आधी बंद पडायला आलेला एकच रेचा, मेकॅनिक शेजारी उभा, आणि वडील प्लग घालून थोडा वेळ नुसतं ऐकणार. मेकॅनिक मुद्दाम पट्टा सैल करेल, कपाशी जास्त सोडेल; वडिलांनी खूण करायची. जमेपर्यंत चालू पाळीवर प्लग नाही. बेटावदची वही घेऊन बसणार. सोमवारपासून, दुपारी गाड्या कमी असतात तेव्हा.